पोरगीचं नववीचं गणित आणि माझी झालेली पंचाईत

मार्केटयार्ड (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. तेवीस वर्षं हळद, गूळ, बेदाण्याच्या पट्ट्या लिहितोय. आजोबांनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकून घेतली होती, त्यामुळं तोंडी हिशोबात मी कुणाला ऐकत नाही.

तर झालं असं. मुलगी नववीत आहे. तिला घरी हे गणित दिलं होतं: 'एका दोन अंकी संख्येत एककस्थानचा अंक दशकस्थानच्या अंकापेक्षा ३ ने मोठा आहे. ती संख्या आणि अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज १२१ आहे. मूळ संख्या कोणती?'

मी जेवता जेवता सांगितलं, सत्तेचाळीस. ४७ आणि ७४, झाले १२१. तिनं वहीत उत्तर लिहिलं. आज वही परत आली, ४ पैकी १ गुण आणि शेरा 'पायऱ्या?'. पोरगी माझ्यावर फुगून बसली आहे. उत्तर बरोबर असताना तीन गुण कशाचे कापले?

आता ती स्वतः सोडवायला बसली आहे आणि 'क्षय + यक्ष = १२१' इथं अडली आहे. मलाही पुढचं सुचेना. कुणीतरी वाट दाखवा.

(मोबाईलवर इंग्रजी अक्षरं आणायचा कंटाळा, म्हणून क्ष आणि य. आमच्या वेळी तेच होतं.)

मिरजेची सतार (रात्री ९.१८)

पोरीच्या वहीत क्षय निघाला म्हणजे आता मिरजेलाच आणावं लागणार. दवाखान्यांचं गाव आहे आमचं, काळजी करू नका.

तासगावचा बेदाणा (रात्री ९.२५)

दिवाणजी, राग मानू नका. मी बेदाणा घेऊन यार्डात आलो आणि तुम्ही हमाली, तोलाई, पोत्याचं वजन काही न लिहिता नुसती खालची रक्कम लिहून पट्टी हातात दिली, तर मी गप घिऊन जाईन व्हय? म्हणीन, मधलं दाखवा की. मास्तरांनी तेच म्हटलंय.

मार्केटयार्ड (रात्री ९.२७)

हे मात्र लागलं. पट्टीवर वजावट न दाखवता रक्कम लिहिली तर मालक मला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही.

गणितबाई निवृत्त (रात्री ९.५२)

दिवाणजी, मुलीला जवळ बसवा आणि विचारा, ४७ मधला ४ म्हणजे किती? चार नव्हे, चाळीस. गल्ल्यात दहाच्या चार नोटा आणि रुपयाची सात नाणी. आता किती नोटा ते माहीत नाही, म्हणून क्ष नोटा. किती नाणी ते माहीत नाही, म्हणून य नाणी. गल्ल्यात रक्कम किती? १०क्ष + य. इथंच बहुतेक मुलं अडतात.

तिनं 'क्षय' लिहिलं. बीजगणितात दोन अक्षरं शेजारी आली की मध्ये गुणाकार असतो. म्हणजे तिची संख्या झाली ४ गुणिले ७, अठ्ठावीस. उलटी केली तरी अठ्ठावीसच. दोन्ही मिळून ५६. त्याचे १२१ कुठून व्हायचे?

आता वहीत असं लिहायला सांगा:

दशकस्थानचा अंक क्ष आणि एककस्थानचा अंक य मानू.
मूळ संख्या = १०क्ष + य
अदलाबदल केलेली संख्या = १०य + क्ष
बेरजेच्या अटीवरून, (१०क्ष + य) + (१०य + क्ष) = १२१
११क्ष + ११य = १२१
दोन्ही बाजूंना ११ ने भागून, क्ष + य = ११ ... (१)
फरकाच्या अटीवरून, य − क्ष = ३ ... (२)
(१) आणि (२) यांची बेरीज करून, २य = १४, म्हणून य = ७
ही किंमत (१) मध्ये ठेवून, क्ष = ४
मूळ संख्या ४७.
पडताळा: ४७ + ७४ = १२१ आणि ७ − ४ = ३.

पहिलं वाक्य, 'मानू' असलेलं, गाळू देऊ नका. क्ष कशाला म्हटलंय हे न लिहिता पुढं गेलेल्या वह्या मी हजारोंनी तपासल्या आहेत. निम्म्या जणांना शेवटी आपण काय काढलं तेच आठवायचं नाही, उत्तर म्हणून ७ लिहून मोकळे.

तुम्ही तोंडी कसं काढलंत ते सांगाल का? मला उत्सुकता आहे.

मार्केटयार्ड (रात्री १०.०५)

बाई, मी म्हटलं १२१ म्हणजे अकरा अकरे. उलट-सुलट संख्यांची बेरीज नेहमी अकराच्या पाढ्यातच येते, हे आकडेमोड करताना कधीतरी ध्यानात आलेलं. म्हणजे दोन अंकांची बेरीज अकरा. फरक तीन. सात आणि चार.

गणितबाई निवृत्त (रात्री १०.११)

मग तुम्ही समीकरण (१) आणि (२) तोंडीच मांडलीत! उलट-सुलट बेरीज अकराच्या पाढ्यात का येते, ते ११क्ष + ११य या ओळीत दिसतंय. तुम्हाला तेवीस वर्षं माहीत असलेली गोष्ट मुलीनं एका ओळीत सिद्ध केली, असं तिला सांगा. रुसवा जाईल.

मार्केटयार्ड (मंगळवार, रात्री ८.४०)

रुसवा गेला. पण नवीन भानगड. गणित: ३(क्ष − ४) = ५क्ष + २. तिनं असं केलंय:

३क्ष − १२ = ५क्ष + २
३क्ष − ५क्ष = २ + १२
−२क्ष = १४
क्ष = १४ ÷ २ = ७

पुस्तकाच्या मागं उत्तर −७ आहे. छपाईची चूक असेल म्हणते.

विश्रामबाग ते हिंजवडी (रात्री ८.५५)

दादा, शेवटच्या ओळीत चूक आहे. आणि एवढा काथ्याकूट कशाला? 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं' हे पाठ करायला सांगा. मी त्याच एका नियमावर इंजिनिअर झालो.

मार्केटयार्ड (रात्री ८.५८)

तिनं तेच केलंय. म्हणते, −२ पलीकडे गेला, चिन्ह बदललं, +२ झाला. काकांच्या नियमाप्रमाणे.

मिरजेची सतार (रात्री ९.००)

इंजिनिअरसाहेब, पुलाचं काम कुठं चालू असेल तर आधी कळवा. त्या वाटेनं जाणार नाही.

गणितबाई निवृत्त (रात्री ९.३०)

हा नियम मला कधीच आवडला नाही. अर्धवट पाठांतर हे असं अंगाशी येतं. पलीकडे काही 'जात' नसतं. दोन्ही बाजूंना आपण एकच गोष्ट करतो, एवढंच खरं.

३क्ष − १२ = ५क्ष + २. दोन्ही बाजूंत १२ मिळवले: ३क्ष = ५क्ष + १४. दोन्ही बाजूंतून ५क्ष वजा केले: −२क्ष = १४. आता डावीकडे क्ष ला −२ ने गुणलेलं आहे. गुणाकार सोडवायचा तर भागाकार. दोन्ही बाजूंना −२ ने भागा. डावीकडे उरतो क्ष, उजवीकडे १४ ÷ (−२), म्हणजे −७.

बेरजेतलं पद हललं की चिन्ह बदललेलं दिसतं. गुणकाचं तसं होत नाही, तो आपल्या चिन्हासकट खाली भाजक होऊन बसतो.

आणि ७ बरोबर की −७ हे ठरवायला मागचं पान लागतच नाही. ७ ठेवून बघा: डावीकडे ३ × ३ = ९, उजवीकडे ३५ + २ = ३७. जमलं नाही. −७ ठेवा: डावीकडे ३ × (−११) = −३३, उजवीकडे −३५ + २ = −३३. जमलं. छपाईवर आळ घेण्याआधी अर्धा मिनिट पडताळा.

लहान मुलांना मी तराजू सांगायचे. दोन पारड्यांतून सारखंच काढा, काटा हलत नाही.

तासगावचा बेदाणा (रात्री ९.४१)

बाई, एक इचारू का? तराजू समजला. पण पारड्यात उणे सात कसं ठेवायचं? आमच्याकडं तसलं वजन मिळत न्हाई.

गणितबाई निवृत्त (रात्री ९.५०)

रास्त प्रश्न. तराजू तिथं संपतो. उणे आलं की खातेवही घ्यावी. आपण ऋण संख्या म्हणतो ना, ऋण म्हणजेच कर्ज. ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले, ते याच शब्दांत. धन आणि ऋण मिळाले की उरतो तो दोहोंतला फरक. सारखे असले तर शून्य. दिवाणजींना हे नव्यानं सांगायला नको.

मार्केटयार्ड (रात्री १०.०२)

जमा आणि नावे! म्हणजे क्ष = −७ म्हणजे खात्यावर सात नावे. मग मला सगळं दिसायला लागलं. एखाद्याच्या नावे टाकलेले पाचशे चुकून पडले होते म्हणून काढून टाकले, तर त्याची शिल्लक पाचशेनं वाढते. उणं वजा केलं की अधिक होतं ते हे. हे मला शाळेत कुणी जमा-नाव्यात का सांगितलं नाही? पास व्हायला तीन वेळा बसलो होतो गणिताला.

पोरगी ऐकतेय. 'पप्पा, तुम्ही नापास झाला होता?' हे मात्र चुकून बोलून गेलो.

विश्रामबाग ते हिंजवडी (बुधवार, रात्री ९.०५)

कालचं बोलणं मनाला लागलंय. आज भूमिती असेल तर मी सोडवतो.

मार्केटयार्ड (रात्री ९.१५)

आहे. त्रिकोण अबक मध्ये बाजू अब = बाजू अक. किरण बअ हा ड पर्यंत वाढवला आहे. किरण अइ हा कोन डअक चा दुभाजक आहे. सिद्ध करा: अइ समांतर बक.

विश्रामबाग ते हिंजवडी (रात्री ९.२४)

सोपं आहे. अइ आणि बक समांतर, अक छेदिका. म्हणून कोन इअक = कोन अकब, व्युत्क्रम कोन. अब = अक म्हणून कोन अकब = कोन अबक. दुभाजक म्हणून कोन इअक = कोन डअइ. म्हणजे कोन डअइ = कोन अबक, हे झाले संगत कोन. संगत कोन समान म्हणून अइ समांतर बक. झालं सिद्ध.

मार्केटयार्ड (रात्री ९.३८)

मुलगी विचारते, काकांनी पहिल्याच ओळीत समांतर आहेत असं धरलं. तेच तर सिद्ध करायचंय ना?

मिरजेची सतार (रात्री ९.३९)

🙏🙏🙏

गणितबाई निवृत्त (रात्री ९.५५)

शाबास! माझ्या मनात कालपासून शंका होती, आता खात्री झाली की या मुलीला गणित येतं.

पक्ष आणि साध्य वेगवेगळे लिहायला लावतात ते याचसाठी. पक्षात फक्त दिलेलं. साध्यात सिद्ध करायचं ते. साध्य चोरपावलांनी पक्षात घुसलं की सिद्धता गोल फिरून जागेवर येते, आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपण पोचलो. आधी आकृती मोठी काढा, दिलेल्या समान गोष्टींवर खुणा करा. समांतरच्या बाणाची खूण मात्र करू नका, ती अजून आपली नाही.

मग असं: कोन डअक हा त्रिकोण अबक चा बाह्यकोन. बाह्यकोन त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा असतो, म्हणून कोन डअक = कोन अबक + कोन अकब. अब = अक, म्हणून समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाने ते दोन कोन समान. म्हणून कोन डअक = २ × कोन अकब. इकडे अइ दुभाजक, म्हणून कोन डअक = २ × कोन इअक. दोन्हींवरून कोन इअक = कोन अकब. अक ही छेदिका घेतली तर हे व्युत्क्रम कोन आहेत आणि ते समान आहेत. म्हणून, आणि आता कुठं म्हणून, अइ समांतर बक.

प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण लिहायचं. कारण नसलेली ओळ म्हणजे पावती नसलेला खर्च.

विश्रामबाग ते हिंजवडी (रात्री १०.०१)

मान्य. मी आता फक्त वाचतो.

तासगावचा बेदाणा (गुरुवार, दुपारी १.१५)

बाई, दिवाणजी, माझं बी एक गणित घ्या. घरचा अभ्यास न्हाई, पण घरादाराचा हाय. शेजारचा एक तुकडा इकत घ्यायचा चाललाय, द्राक्षबागंला लागून. चार बाजू, पण चौकोन वाकडा हाय. टेपनं मोजल्या: ओळीनं ५२, ५६, ४५ आणि ७५ मीटर. मधला एजंट म्हणतो, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणायचं. त्याच्या हिशोबानं ३१ गुंठ्याच्या वर भरतं. दर गुंठ्याचा ठरलाय. बरोबर हाय का?

विश्रामबाग ते हिंजवडी (दुपारी १.४०)

फक्त वाचतो म्हटलं होतं, पण इथं गप्प बसवत नाही. भाऊ, सही करू नका!

बाजेची चौकट घ्या, विणलेली नाही, नुसती लाकडाची. ती तिरकी दाबली तर चारही बाजू तेवढ्याच राहतात, पण आतली जागा कमी होत जाते. पार चपटी केली तर जागा शून्य. एजंटाचा हिशोब मात्र शेवटपर्यंत तेवढाच येणार. म्हणजे नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ ठरतच नाही. आयत असेल तरच ती पद्धत बरोबर, नाहीतर ती कायम जास्तच दाखवते. कमी कधीच नाही. विकणाऱ्याला ती का आवडते ते बघा.

गणितबाई निवृत्त (दुपारी ३.१०)

या वेळी इंजिनिअर शंभर टक्के बरोबर. ही पद्धत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्तानेही दिली आहे, पण तिला त्याने 'स्थूल', म्हणजे ढोबळ, क्षेत्रफळ म्हटलं आणि पाठोपाठ 'सूक्ष्म', म्हणजे अचूक, निराळं सांगितलं. एजंटाने स्थूल तेवढं ठेवलं.

बेदाणाभाऊ, एक कर्ण मोजून आणा. पहिल्या दोन बाजू जिथून सुरू होतात तिथून त्या जिथं संपतात त्या कोपऱ्यापर्यंत, शेतातून सरळ.

मार्केटयार्ड (रात्री ८.२०)

मुलगी म्हणते, कर्ण म्हणजे काटकोनासमोरची बाजू. शेताला कर्ण कसा?

गणितबाई निवृत्त (रात्री ८.३३)

मराठीत एका कर्णानं दोन कामं केली आहेत. काटकोन त्रिकोणाचाही तो, चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाराही तोच. दोन्हीकडे तिरका असतो, एवढं लक्षात ठेव बाळ.

तासगावचा बेदाणा (शुक्रवार, सकाळी १०.५०)

मोजला. ६० मीटर. पोराला टेपच्या त्या टोकाला उभा केलावता, दोनदा मोजला.

मार्केटयार्ड (रात्री ९.४५)

मी मुलगी लिहितेय, पप्पांच्या मोबाईलवरून.

कर्णामुळे शेताचे दोन त्रिकोण झाले. पहिला ५२, ५६, ६०. दुसरा ४५, ७५, ६०.

पहिल्याला हेरॉनचे सूत्र वापरले (त्याने तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ निघते). परिमिती १६८, अर्धपरिमिती ८४. ८४ मधून एकेक बाजू वजा केली: ३२, २८, २४. मग ८४ × ३२ × २८ × २४ याचे वर्गमूळ. गुणाकार १८०६३३६ आला, वर्गमूळ १३४४. (मोठा गुणाकार न करता मूळ अवयव पाडले तर लवकर होते, हे मला नंतर कळले.)

दुसऱ्यालाही हेरॉन करणार होते. पण ४५ चा वर्ग २०२५, ६० चा वर्ग ३६००, बेरीज ५६२५, आणि ७५ चा वर्गही ५६२५. म्हणजे तो काटकोन त्रिकोण आहे! मग सरळ ४५ × ६० भागिले २ = १३५०.

एकूण १३४४ + १३५० = २६९४ चौरस मीटर.

एजंट काकांचे: ५२ आणि ४५ ची सरासरी ४८.५, ५६ आणि ७५ ची ६५.५. गुणाकार ३१७६.७५. फरक ४८२.७५ चौरस मीटर.

पप्पा म्हणाले, गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. त्याने भागले तर खरे क्षेत्र २६.६ गुंठे आणि एजंट काकांचे ३१.४. पावणेपाच गुंठे जास्त.

गंमत म्हणजे कर्णाने शेताचे दोन त्रिकोण केले, त्यात काटकोन असलेल्या त्रिकोणाचा कर्ण हा शेताचा कर्ण नाही, ७५ ची बाजू आहे.

गणितबाई निवृत्त (रात्री १०.०२)

मी हे दोनदा तपासलं. एकाही ओळीखाली लाल रेघ मारता आली नाही. ४ पैकी ४.

भाऊ, तरी खरेदीआधी सरकारी मोजणी करून घ्या आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र बघा. ते हेक्टर-आर मध्ये असतं, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. तुमचं २७ आरच्या आत-बाहेर असायला हवं.

तासगावचा बेदाणा (शनिवार, सकाळी ८.०५)

रातीच एजंटाला फोन लावला. म्हणला, 'नववीतल्या पोरीचं काय ऐकताय?' मी म्हटलं, बरं, तुम्ही सांगाल तसं. उद्या सकाळी शेतावर या, टेप माझा, कर्ण तुम्ही धरा. तवापासनं फोन उचलंना झालाय.

दिवाणजी, सोमवारी यार्डात येतोय. पोरीसाठी दोन किलो बेदाणा ठेवलाय, हिरवा, निवडलेला. पट्टीवर लिहू नका.